हातच्या गेलेल्या वाफ्याची कुळकथा

भारतीय हवामानशास्त्र विभाग पुण्याहून देशाचा रोजचा पाऊस चौकटींच्या जाळीत मांडून देतो. पाव अंशाची एक चौकट, अशा १३५ गुणिले १२९ चौकटी, आणि नोंदी १९०१पासूनच्या. फाइल उघडली की अरबी समुद्रावर पाऊस दिसतो उणे ९९९. तापमानाच्या फाइलीत त्या जागी ९९.९ असतं. अर्थ एकच: इथे नोंद नाही. हे न ओळखता दहा-दहा मिलिमीटरचे नऊ दिवस आणि एक उणे ९९९ यांची सरासरी काढली, तर ती येते उणे ९०.९. पाऊस वर्षागणिक वाढतो की घटतो हे दाखवणारी, लिनियर रिग्रेशनने काढलेली कलाची रेषा तर पार भरकटते.

रिकाम्या चौकटीचं करायचं काय, हा प्रश्न मात्र संगणकाच्या आधीचा आहे आणि तो शेतातून आला. इंग्लंडमधल्या रॉथॅमस्टेड संशोधन केंद्रात रोनाल्ड फिशर यांनी १९२०च्या दशकात शेताचे ब्लॉक आणि ब्लॉकचे वाफे पाडून प्रयोग बसवले. अशा प्रयोगात एखादा वाफा हातचा गेला की सगळ्या गणिताचा तोल जातो. बेटी ॲलन आणि जॉन विशार्ट यांनी १९३० साली गेलेल्या वाफ्याचं उत्पन्न अंदाजण्याचं सूत्र दिलं.

समजा तीन खतं, तीन ब्लॉक, नऊ वाफे. त्यातला एक गेला. त्याच खताच्या उरलेल्या दोन वाफ्यांची बेरीज २०, त्याच ब्लॉकमधल्या उरलेल्या दोघांची २२, आठही वाफ्यांची ८०. वीस त्रिक साठ, बावीस त्रिक सहासष्ट. दोन्ही मिळवून ८० वजा केले की ४६. खतं आणि ब्लॉक यांच्या संख्येतून एकेक कमी करून गुणाकार केला की ४. त्याने भागलं की ११.५. फ्रँक येट्स यांनी १९३३मध्ये यामागचं तत्त्व मांडलं आणि रीत अनेक वाफ्यांपर्यंत नेली: उरलेल्या चुकांच्या वर्गांची बेरीज कमीत कमी होईल असा आकडा भरायचा. पण त्याबरोबर डिग्रीज ऑफ फ्रीडममधून, म्हणजे स्वतंत्र नोंदींच्या मोजणीतून, भरलेल्या प्रत्येक वाफ्यामागे एक वजाही करायचा. भरलेला आकडा हिशेबाच्या सोयीचा, पुरावा म्हणून तो मोजायचा नाही. मला या सगळ्या इतिहासातली हीच सर्वांत मोलाची गोष्ट वाटते.

संगणकाच्या फाइलींत ‘नोंद नाही’ हे सांगायला उणे ९९९सारखे अशक्य आकडे रूढ झाले. आकडेमोडीच्या आयईईई ७५४ या १९८५च्या मानकाने, ज्यात बर्कलीच्या विल्यम कहान यांचा मोठा वाटा, ‘नॅन’ला पक्की जागा दिली. नॅन म्हणजे जो आकडाच नाही. तो स्वतःच्याही बरोबरीचा नसतो आणि ज्या बेरजेत शिरतो तिला नॅन करून सोडतो. शंभर वर्षांत एक नॅन असला तरी त्या चौकटीचा कल नॅन येतो. ही अडचण वाटते, पण कलाच्या रेषेच्या खोट्या उतारापेक्षा ती कितीतरी बरी.

म्हणून कल काढण्याआधी चौकटीगणिक रिकाम्या नोंदींना गाळणी लावायची. एखाद्या वर्षाचा पाऊस गाळला तर त्याच्या जोडीचं सालही गाळायचं, नाहीतर जोड्या सरकतात. शून्य भरणं सर्वांत वाईट, कारण पावसात शून्य म्हणजे खरोखरचा कोरडा दिवस. नोंद का गेली हेही बघावं लागतं, असं डोनाल्ड रुबिन यांनी १९७६मध्ये गणिताने दाखवलं: अतिवृष्टीतच मापक बंद पडत असतील, तर उरलेल्या नोंदी पाऊस कमीच दाखवणार.

कलाचा नकाशा छापणाऱ्यांना एकच विनंती. प्रत्येक चौकटीत खऱ्या नोंदी किती वर्षांच्या होत्या, तो नकाशाही शेजारी छापा.