बाटलीतल्या थेंबांची कुळकथा

इंधनात चार थेंब टाकले की इंजिनाचं आयुष्य वाढतं, या समजुतीचं मूळ ९ डिसेंबर १९२१ या दिवसात आहे. अमेरिकेत डेटन गावी जनरल मोटर्सच्या प्रयोगशाळेत थॉमस मिजली यांनी त्या दिवशी पेट्रोलमध्ये टेट्राएथिल लेड हे शिशाचं तेलकट संयुग मिसळलं आणि इंजिनाची खडखड थांबली. आपले मेकॅनिक जिला ‘नॉकिंग’ म्हणतात, तीच ही खडखड. ठिणगीपासून निघालेली ज्योत सिलिंडरभर एकसारखी पसरायला हवी; पण दाब आणि उष्णता फार वाढली की ज्योत पोचण्याआधीच उरलेलं मिश्रण आपोआप भडकतं आणि पिस्टनच्या डोक्यावर हातोडी बसावी तसा आघात होतो. इंजिन जितकं ताकदीचं तितका दाब जास्त, म्हणून हे दुखणं ताकदवान इंजिनांना आधी जडतं. मिजलींनी आयोडीन, ॲनिलीन, लसणासारखा वास अंगाला चिकटवणारं टेल्युरियम असं बरंच काही तपासलं होतं. शिशाचं संयुग मात्र लिटरमागे मिलिलिटरभरही लागेना. पुढे त्याचा आणखी एक गुण ध्यानात आला. जळलेल्या शिशाचा पातळ थर व्हॉल्व्हच्या सीटवर बसायचा आणि मऊ बिडाची ती सीट झिजायची राहायची. ‘इंजिनाला संरक्षण’ या जाहिरातीतल्या शब्दांना एकेकाळी खरा आधार होता, तो हा.

मद्यार्कही नॉकिंग थांबवतो, हे त्या प्रयोगशाळेला तेव्हाच ठाऊक होतं. पण त्याच्या थेंबांनी भागत नाही, तो बराच मिसळावा लागतो, आणि कोणीही गाळू शकेल अशा पदार्थावर मक्तेदारी मिळत नाही. शिसं जिंकलं. १९२३ मध्ये ते ‘एथिल’ या नावाने बाजारात आलं. नावात शिशाचा उल्लेख नव्हता. ऑक्टोबर १९२४ मध्ये न्यू जर्सीच्या बेवे शुद्धीकरण कारखान्यात हे संयुग हाताळणारे पाच कामगार शिशाच्या विषबाधेने मेले, तरी विक्री टिकली. तिला अखेर हरवलं ते खऱ्या उत्प्रेरकाने. धुराड्यात बसवलेल्या जाळीदार ठोकळ्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम यांचा लेप असतो. शेकडो अंश तापलेल्या त्या लेपावर विषारी वायू निवळतात. शिशाचा धूर लागला की लेप निकामी होतो. म्हणून भारतात १ एप्रिल १९९५ पासून चार महानगरांत नव्या गाड्यांना हा ठोकळा आणि शिसेमुक्त पेट्रोल आलं, आणि १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेमुक्त पेट्रोलच उरलं. नव्या इंजिनांच्या व्हॉल्व्ह-सीट कठीण धातूच्या झाल्या. शिशाने जे राखलं होतं, ते राखण्याची गरजच संपली. हा उत्प्रेरक हवेचं रक्षण करतो, इंजिनाचं नाही, हे इथे लक्षात घ्यावं.

तरीही ‘उत्प्रेरक’ म्हणून टाकीत सोडायच्या कथलाच्या गोळ्या जगभर विकल्या गेल्या. १९४१ मध्ये मुर्मान्स्कजवळ उतरलेल्या ब्रिटिश हरिकेन विमानांना रशियन पेट्रोल मानवेना, तेव्हा या गोळ्यांनी तारलं, अशी त्यांची कहाणी विक्रेते सांगतात. युद्धातली कहाणी म्हणजे मोजमाप नव्हे. उत्प्रेरकाला तापमान लागतं आणि नेमकी क्रिया लागते. टाकीतलं पेट्रोल तर बाहेरच्या हवेइतकंच तापतं. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने इंधन वाचवणारी म्हणवणारी शंभराहून अधिक साधनं तपासली. मोजक्यांनीच थोडाफार फायदा दाखवला. ऑक्टेन म्हणजे पेट्रोलच्या नॉकिंग रोखण्याच्या क्षमतेचं माप; तो वाढवणाऱ्या ‘ऑक्टेन बूस्टर’च्या बाटलीवर ‘३० पॉइंट’ असं लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ पुष्कळदा तीनच ऑक्टेन असतो, कारण त्यांच्या हिशेबात एक पॉइंट म्हणजे ०.१. काहींत लोहाचं फेरोसीन असतं. ते जास्त झालं की स्पार्क प्लगचं पांढरं चिनीमातीचं टोक विटकरी लाल होतं आणि त्या लाल थरातून ठिणगीची वीज गळते. संरक्षणाच्या नावाखाली हे नुकसानच आहे.

‘पण बाटली ओतल्यावर गाडी हलकी पळते,’ असा अनुभव पुष्कळ जण सांगतात, आणि तो सरसकट खोटा नाही. नॉक सेन्सर असलेलं टर्बो इंजिन सोलापूरच्या मे महिन्यात, चाळिशीपार गेलेली हवा ओढताना, ठिणगी मुद्दाम उशिरा पाडतं आणि थोडी ताकद सोडतं. ऑक्टेन वाढला तर ती परत मिळते. पण तो ऑक्टेन पंपावरच्या पेट्रोलमध्ये मिळतो. आणि जे इंजिन ९१ ऑक्टेनसाठीच बांधलंय त्याला त्याहून जास्तीचा उपयोग नाही. सफाईचं औषध, विशेषतः पॉलिएथर अमाइन, हेही खरं काम करतं: इंजेक्टरच्या तोंडावरचा थर ते धुतं. मात्र आजच्या बहुतेक ताकदवान इंजिनांत पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारलं जातं, इनटेक व्हॉल्व्हला ते शिवतही नाही. तिथला कार्बन टाकीतल्या कोणत्याच बाटलीने निघणार नाही.

आणि १९२१ मध्ये मागे पडलेला मद्यार्क? तो आता सोलापूरच्याच उसातून टाकीत येतो. माळीनगर आणि श्रीपूरला १९३० च्या दशकात साखर कारखाने उभे राहिले; आज जिल्ह्यात तीसहून अधिक आहेत. मोटारींसाठी मद्यार्काचा कायदा देशाने १९४८ मध्येच केला होता. तो २००० मध्ये रद्द झाला, आणि पुढच्याच वर्षी मिरज-मनमाडला इथेनॉल, म्हणजे हाच मद्यार्क, पेट्रोलमध्ये मिसळण्याचे प्रयोग सुरू झाले. २००३ मध्ये पाच टक्के, २०२५ मध्ये वीस. म्हणजे सोलापुरातली प्रत्येक पेट्रोल गाडी आज ॲडिटिव्हवरच चालते आहे, आणि हे ॲडिटिव्ह नॉकिंग खरोखर रोखतं.

यावर आक्षेप असा: जुन्या गाड्यांना ते मानवत नाही, म्हणून तरी बाटली हवी. आक्षेपाचा पहिला भाग रास्त आहे. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा तृतीयांश ऊर्जा कमी, म्हणून मायलेज घटतं. काचेच्या मोजपात्रात शंभर मिलिलिटर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल आणि दहा मिलिलिटर पाणी घालून हलवा: तळाचा थर दहाऐवजी तिसाच्या आसपास भरतो. इथेनॉल पेट्रोल सोडून पाण्याच्या अंगाला गेलेलं असतं. बंद पडून राहिलेल्या गाडीच्या टाकीत पाणी शिरलं तर हेच घडतं. गंजरोधक औषध धातूला थोडा आधार देईल. घटलेली ऊर्जा ते परत देणार नाही, सुटलेलं पाणी मिसळून घेणार नाही, आणि इथेनॉलने फुगलेली रबरी नळी बरी करणार नाही. जुनी गाडी असेल तर आधी टाकीच्या झाकणाआडची इथेनॉलच्या प्रमाणाची खूण आणि गाडीचं पुस्तक पाहा, आणि बाटलीचे पैसे त्या नळ्या आणि सील बदलण्यात घाला.