मडकी दोन, नळी एक

हैदराबादेत आबिड्स आहे, तसं आबकारी भवनही आहे. लहानपणी मला ही दोन्ही नावं एकाच माणसाची वाटायची. आजोबा हसायचे. आबिड्स हे अल्बर्ट आबिद यांच्या दुकानावरून पडलेलं नाव. हे गृहस्थ सहाव्या निजामाच्या खास तैनातीतले. आबकारी म्हणजे दारूचं खातं, आमचं घर ज्याच्या पगारावर चाललं ते.

निजामाच्या राज्यात तेलंगणात शिंदी चाले, मराठवाड्यात मोहाची. सरकारी भट्टी नारायणगुड्याला. चुलीवर चोरून निघे तिचे पंचनामे आजोबा उर्दूत लिहीत: मडकी दोन, नळी एक, मोहफुलं अमुक शेर. पुढची हकिगत घरी मराठीत.

खरी जाणकार मात्र आजी. तिचं माहेर किनवटकडचं, १९५६ पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यातलं. स्वतः ती थेंबाला शिवली नाही, पण शेजारच्या गोंडांच्या अंगणात बसून तिनं सगळं पाहिलेलं. चैत्रात पहाटे टपटपलेली फुलं बाया टोपलीत वेचत. वाळून ती मनुकांसारखी झाली की भिजत घालायची. आंबली की मडकं चुलीवर, त्यावर दुसरं, सगळ्यात वर गार पाण्याचं भांडं; सांधे मातीनं लिंपलेले. वाफ त्या गार बुडाला लागून थेंब होई आणि नळीतून बाहेर येई. वरचं पाणी कोमट झालं की लगेच बदलायचं. ‘सगळी कला त्या पाण्यात गं,’ आजी म्हणायची.

आपण ‘पहिल्या धारेची’ म्हणून कौतुक करतो खरे, पण जाणते भट्टीवाले अगदी सुरुवातीचं उग्र पाणी फेकून देतात.

गोव्याच्या काजू फेणीला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळालं. २०१८ साली डेस्मंड नाझरेथ यांनी मोहाची दारू रीतसर बाटलीत भरून बाजारात आणली. लहान भट्टीच्या मालाला आता ‘क्राफ्ट’ म्हणतात. मला बरं वाटतं, थोडा रागही येतो. परवान्याशिवाय घरी काढणं बहुतेक ठिकाणी आजही गुन्हाच, आणि विषारी हातभट्टीनं माणसं मेलीत, तेव्हा त्याबद्दल तक्रार नाही. पण आजोबांनी ज्यांची मडकी जप्त झालेली लिहिली, त्यांना कुणी कारागीर म्हटलं नव्हतं.

त्या मडक्यांना, त्या नळीला तिकडे वेगवेगळी नावं होती. पंचनाम्यात ती उतरली नाहीत, आणि आजीला विचारायचं माझ्याकडून राहिलं. तुमच्या घरी किनवट-राजुऱ्याकडचं कुणी म्हातारं माणूस असेल, तर एवढं विचारून लिहून ठेवा.