वरोऱ्याला आलेले सोबती



आपण शाळेत असताना परदेशी माणूस दिसायचा तो लोणारच्या सरोवरावर. तो सरोवर बघायचा, आपण त्याला बघायचो आणि दोघेही आपापल्या घरी जायचो. आता आपल्या मुलांच्या शाळांतून परदेशी युवा आदानप्रदानाची माहितीपत्रके येतात. आत्मविश्वास वाढेल, मनाला उभारी येईल, असे त्यांत लिहिलेले असते. ते कितपत खरे, हे तपासायला आपल्या विदर्भातलीच एक जुनी हकीकत उपयोगी पडते.

तिची सुरुवात फ्रान्समध्ये होते. पहिल्या महायुद्धात व्हर्दँजवळची गावे बेचिराख झाली होती. १९२० साली पिएर सेरेसोल या स्विस माणसाने त्यांपैकी एक गाव पुन्हा उभे करायला छावणी भरवली. कालपर्यंत शत्रू असलेल्या जर्मनीतले तरुणही तिथे राबायला आले. पण जर्मन माणसे नकोत, असा विरोध झाला आणि काही महिन्यांत काम थांबले. सेरेसोल मात्र थांबले नाहीत. त्या छावणीतून ‘सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल’ ही संघटना उभी राहिली. १५ जानेवारी १९३४ च्या भूकंपानंतर ते बिहारमध्येही आले आणि गावे वसवण्याच्या कामाला लागले.

याच संघटनेचे तरुण-तरुणी १९५० च्या दशकात वरोऱ्याला आले. बाबा आमटे आणि साधनाताईंनी १९५१ मध्ये सहा कुष्ठरुग्णांना घेऊन आनंदवनात मुक्काम ठोकला होता. खडकाळ रानात विहीर खणली, भाजीपाला पिकवला. पण गावातले कोणी तो विकत घेईना. आजार बरा होत होता, वाळीत टाकल्याची जखम बरी होत नव्हती. देशोदेशीचे हे स्वयंसेवक तिथेच राहिले, रुग्णांबरोबर दवाखान्याची इमारत बांधू लागले आणि तिथलीच भाजी खाऊ लागले. वरोऱ्याच्या लोकांनी ते पाहिले. भीती हळूहळू ओसरली आणि आनंदवनच्या भाजीला गिऱ्हाईक मिळू लागले. पुढे बाबांनी सोमनाथला तरुणांसाठी श्रमसंस्कार छावणी सुरू केली. तिथे जाऊन आलेली माणसे आपल्यापैकी अनेकांच्या घरांत, नात्यांत सापडतील.

या हकीकतीत ‘मानसिक आरोग्य’ हा शब्द कुठेच नाही. तरी मला वाटते, औषध नेमके तिथेच होते. आपल्याला कोणी टाळत नाही आणि आपल्यावाचून कोणाचे तरी काम अडते, या दोन गोष्टी त्या रुग्णांना मिळाल्या. विमानात बसून दुसऱ्या देशात सहल केल्याने त्या मिळतीलच असे नाही. अंगाला माती लावून एकत्र राबल्यावर मात्र मिळतात. भाषा येत नसली तरी घमेले हातोहात पुढे सरकते.

हे आज लिहिण्याचे कारण आपल्या दाराशी आहे. २००६ मध्ये पश्चिम विदर्भातल्या शेतकरी आत्महत्यांमुळे केंद्राने सहा जिल्ह्यांना मदतीचे पॅकेज दिले. त्यात बुलढाणा होता. त्या घरांतली मुले आज तरुण आहेत. दुसरीकडे आपली मुले पुण्या-मुंबईच्या बंद फ्लॅटमध्ये मोबाईलशी बोलत मोठी होत आहेत. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करते, शेकडो माणसे रोज पडद्यावर भेटतात; त्या भेटीने एकटेपणा जात नाही, हे मी रोज पाहते.

खूप खचलेल्या मुलाला छावणी पुरत नाही, त्याला डॉक्टरच हवा. सरकारची ‘टेलिमानस’ सेवा १४४१६ या क्रमांकावर मोफत आहे. तो क्रमांक प्रत्येकाने जवळ ठेवावा. पण खचण्याच्या आधीचे काम आपण करू शकतो. आपल्या बॅचमधले काहीजण अमेरिकेत आहेत, काही जर्मनीत, बरेचसे इथेच शेतीत. पुढच्या उन्हाळ्यात सर्वांची मुले आठवडाभर शाळेत राहोत, पावसाचे पाणी जिरवायला आवारात चर खणोत, एका पंगतीत जेवोत. स्नेहमेळाव्यात एवढा एक ठराव व्हावा, अशी माझी विनंती आहे. गुरुजनांनी पहिली कुदळ मारावी.