एकटी वाघीण

बंद पडलेल्या सायडिंगवर, बाभळी माजलेल्या रुळांत एखादी चारचाकी वाघीण उभी दिसते. दार अर्धवट सरकलेलं, बाजूच्या पत्र्यावर दुरुस्तीची जुनी तारीख. गंजली म्हणून तिला इथे आणून टाकलं, असं आपण धरून चालतो. पण आधी तिचं काम गेलं. गंज नंतर चढला.

ते काम काय होतं, हे वऱ्हाडात चांगलं कळतं. अमेरिकेतल्या यादवी युद्धात (1861-65) तिथला कापूस इंग्लंडला मिळेना, तेव्हा वऱ्हाडाच्या कापसाला सोन्याचा भाव आला. युद्ध संपलं, तरी 1870 मध्ये केवळ कापसाच्या बाजारासाठी जलंबहून खामगावला फाटा काढला गेला. उद्घाटनाला व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आले होते. अशा लहान फाट्यांना लहान वाघीण सोयीची. आखूड असल्यामुळे गिरणी आणि बंदरातल्या तीव्र वळणांवर ती सहज वळे. रिकामी असली तर इंजिनाचीही गरज नसे. हमाल खांदा लावून तिला मालधक्क्याशी नेत.

पुढे देशभर पसरलेल्या ‘सीआर’ जातीच्या बंद वाघिणीत सुमारे 22 टन माल मावे. मला तिच्यात सगळ्यांत मोलाची वाटते ती ही सोय, की एका व्यापाऱ्याला एकच वाघीण मागता येई. दाराला सील, बाजूला ठिकाणाचं लेबल, की ती निघाली. वाटेतल्या यार्डांत तिला एका गाडीतून सोडवून दुसरीला जोडत. मुघलसरायसारख्या मोठ्या यार्डात त्यासाठी उंचवटा होता; वाघिणी त्यावरून सुटत आणि उतारावरून आपापल्या रुळावर जात. यात दिवसच्या दिवस मोडत, आदळून मालही खराब होई. आसाच्या पेटीत तेलात भिजवलेला कापसाचा बोळा असे. तेल आटलं की आस तापे, आणि वाघीण वाटेतच ‘सिक’ ठरून बाजूला पडे.

1960 च्या सुमारास कोळसा आणि खनिजासाठी आठ चाकांच्या ‘बॉक्स’ वाघिणी आल्या. खरा घाव 1980 नंतरचा. जुना ब्रेक निर्वात पोकळीवर चाले, आणि वातावरणाच्या दाबापलीकडे त्याला जोर मिळणं शक्यच नव्हतं. लांब गाडीच्या शेपटापर्यंत तो उशिरा पोहोचे. ‘बॉक्सएन’ वाघिणी दाबाच्या हवेवर थांबू लागल्या. एकेकीत सुमारे 58 टन, आसांना रोलर बेअरिंग, मधोमध मजबूत कपलिंग. या जोडणीत जुन्या साखळी-बफरवाल्या वाघिणीला जागा नव्हती.

त्याच काळात रेल्वेनं सुट्या वाघिणींची वाहतूक आवरती घेतली आणि पूर्ण रेकचा, म्हणजे अख्ख्या गाडीचा, माल पत्करला. कोळसा, सिमेंट, खत यांच्यासाठी हे योग्यच झालं. गाड्या वेगानं फिरू लागल्या. पण 22 टनांचं गिऱ्हाईक ट्रककडे गेलं, आणि त्याला परत बोलावण्याचा मनापासून प्रयत्न व्हायला हवा होता, असं मला ठामपणे वाटतं. गिऱ्हाईक गेल्यावर सायडिंगही ओस पडली.

कामातून बाद ठरवलेल्या वाघिणी लिलावात भंगार म्हणून जातात. वाफेची इंजिनं आपण चौथऱ्यांवर हौसेनं मांडली. खामगावच्या स्थानकाबाहेर एखादी सीआर वाघीणही ठेवावी: दार उघडं, आत कापसाच्या गाठी, बाजूला मुंबईचं लेबल.