मीटिंगमध्ये आधी कोण बोलतं? जामखेडची गोष्ट

दवाखान्यात गेलात आणि "डॉक्टर मीटिंगला गेलेत" असं ऐकलंत की तुमच्या कपाळाला आठी पडते. साहजिक आहे. पाल किंवा ऐनपूरहून एस.टी.ने रावेरला येऊन बाकावर ताटकळणाऱ्या माणसाला मीटिंग म्हणजे चहा-बिस्किटंच वाटणार. कधी कधी ते खरंही असतं! पण आपल्याच महाराष्ट्रात एका साध्या बैठकीचा बाळांचे जीव वाचवण्यात मोठा वाटा आहे. तिचा इतिहास तुम्हाला माहीत असायला हवा.

१९७० साली डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे हे दांपत्य नगर जिल्ह्यातल्या जामखेडला आलं. प्रकल्पाच्या नोंदींनुसार तेव्हा त्या भागात जन्मलेल्या दर १००० बाळांपैकी सुमारे १७६ बाळं वर्षाच्या आत दगावत. कारणं काय? जुलाब, धनुर्वात, न्यूमोनिया, उपासमार. यातलं बरंचसं गावातच थांबवता येण्यासारखं होतं. शिकलेल्या नर्सना खेड्यात ठेवून पाहिलं, ते जमलं नाही. मग त्याच गावातल्या बायका निवडल्या. बहुतेक निरक्षर, अनेक दलित.

आता अक्षरओळख नसलेल्या बाईला वैद्यक शिकवायचं कसं? पुस्तक देऊन उपयोग नाही. या बायका दर आठवड्याला जामखेडला येत, मुक्काम करत, एकत्र जेवत. आणि गोल बसून आपापल्या गावात काय घडलं ते सांगत. कुणाचं मूल जुलाबाने सुकलं, कुठली बाळंतीण अडली, कोणत्या घराने लस नाकारली. त्या घटनेवरूनच धडा सुरू व्हायचा. मीठ-साखरेचं पाणी कसं करायचं हे फळ्यावरून शिकण्यापेक्षा शेजारच्या गावातल्या बाईने ते कसं पाजलं हे ऐकून जास्त लक्षात राहतं. गावात ज्यांना पाणवठ्यावरही जागा नव्हती, त्या बायका इथे बोलत आणि डॉक्टर ऐकत. माझ्या मते सगळी मेख इथे आहे.

१९९० च्या दशकात तिथला बालमृत्यूचा आकडा ३० च्या आत आला. श्रेय एकट्या बैठकीचं नाही. पाणी, लसीकरण, आहार, सगळ्यांचं आहे. पण कोणत्या घरी कमी पडतंय हे कळायची जागा ती बैठकच होती. १९७९ मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

पुढे गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्या बायकांना घरीच नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं. नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटल्याचा त्यांचा अभ्यास १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला. २००५ पासून देशभर 'आशा' आल्या. बाळंतपणानंतर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या दिवशी तुमच्या घरी येणारी आशाताई ही या परंपरेतली.

आशांचीही मीटिंग असते. पण अनेक ठिकाणी ती रजिस्टर आणि टार्गेटची मीटिंग होऊन बसते. वरून सूचना येतात, खालून आकडे जातात. "माझ्या गावात बाळ का गेलं" हे सांगायला वेळच उरत नाही, आणि सांगितलं तर बोलणी बसतील ही भीती असते. अशी मीटिंग रद्द केली तरी पेशंटचं काही बिघडणार नाही.

मोठ्या हॉस्पिटलांनाही हाच प्रश्न छळतो. ऑपरेशनआधी सगळ्यांनी थांबून स्वतःचं नाव आणि काम सांगायचं, हा जागतिक आरोग्य संघटनेच्या तपासणी यादीतला एक मुद्दा. मिनिटभराचीच ही मीटिंग! एकदा तोंड उघडलेली सिस्टर पुढे "सर, थांबा" म्हणायला कचरत नाही. दिल्लीसह आठ शहरांत ही यादी वापरल्यावर मृत्यूचं प्रमाण १.५ वरून ०.८ टक्क्यांवर आल्याचं २००९ मध्ये प्रसिद्ध झालं. नंतर सगळीकडे इतका फरक दिसला नाही. नुसत्या टिकमार्क करून यादी भरली तर दिसणार तरी कसा?

एक मीटिंग मात्र तुमचीही आहे. गावच्या आरोग्य, पोषण व स्वच्छता समितीत ग्रामपंचायत सदस्य, आशाताई, अंगणवाडी सेविका असतात. ती दर महिन्याला व्हावी अशी अपेक्षा आहे. राष्ट्रीय आरोग्य अभियानाच्या नियमात गावासाठी वर्षाला १० हजार रुपयांपर्यंत निधीची तरतूदही आहे. तुमच्या गावात ही समिती शेवटची कधी बसली, आणि त्या दिवशी आशाताईला बोलायला मिळालं का, हे ग्रामपंचायतीत जाऊन विचारा.