उंबऱ्याच्या आतले घर आणि बाहेरचे

मुंबईच्या इतिहासावर आजवर पुष्कळ लिहिले गेले आहे. बंदर, किल्ला, गिरण्या, आगगाडी, कापसाचा सट्टा, संप आणि सत्याग्रह ह्या सर्वांना इतिहासकार लाभले. परंतु ह्या शहरातला सामान्य माणूस ज्या खोलीत जन्मला, वाढला आणि संसाराला लागला, त्या खोलीच्या आतल्या बाजूचा इतिहास सांगण्याचे काम फारसे कोणी अंगावर घेतले नाही. गिरगावातल्या वा लालबागेतल्या दहा बाय बाराच्या खोलीत पोटमाळा कोणी घातला, मोरीला कठडा कोणी बांधला, चुलीच्या जागी उभा ओटा केव्हा आला, हे प्रश्न इतिहासाच्या पदवीपरीक्षेत विचारले जात नाहीत. तरीही, श्रोतेहो, ह्या किरकोळ वाटणाऱ्या कामांच्या मागे कायदा आहे, अर्थकारण आहे आणि प्रसंगी माणसांच्या मरणाची कारणेही आहेत. म्हणून आज आपण ह्या घरगुती डागडुजीचा मागोवा घेऊ.

प्रथम खोली कशी होती ते पाहिले पाहिजे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात गिरण्या वाढल्या आणि कोकणातून व घाटावरून माणसांचा लोंढा मुंबईस आला. त्यांच्यासाठी ज्या चाळी उठल्या, त्यांपैकी पुष्कळशा लाकडी सांगाड्याच्या होत्या. सागवानी खांब व तुळया, मध्ये विटांची भर, वर मंगळूरी कौले, पुढे लांब सज्जा आणि टोकाला सामाईक संडास, अशी त्यांची साधारण रचना. १८९६ साली प्लेग आला आणि ह्या कोंदट वस्तीची लक्तरे वेशीवर टांगली गेली. पुढल्या वर्षी जनरल गटेकर ह्यांच्या समितीने घरोघर शिरून कौले उतरविली, मातीच्या जमिनी उकरल्या, भिंतींना चुना फासला आणि राहण्यास अयोग्य ठरलेल्या घरांवर तशी अक्षरे लिहिली. सरकारने मुंबईकराच्या खोलीत केलेली ही पहिली मोठी 'सुधारणा'. राहणाऱ्याला मात्र तीत कोणी काही विचारले नव्हते.

प्लेगनंतर, १८९८ साली, शहर सुधारणा विश्वस्त मंडळ स्थापन झाले. त्याने नवे रस्ते काढले, चाळी बांधल्या, दादर-माटुंग्याच्या नव्या वसाहती आखल्या. १९२० साली गव्हर्नर लॉईड ह्यांच्या कारकीर्दीत विकास खाते निघाले. पन्नास हजार खोल्या बांधण्याचा त्या खात्याचा संकल्प होता. प्रत्यक्षात वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी येथे २०७ चाळी उभ्या राहिल्या. प्रत्येकीत ८० खोल्या आणि प्रत्येक खोली १६० चौरस फुटांची. ह्याच आपल्या बी.डी.डी. चाळी. आरंभी त्यांतल्या कित्येक खोल्या रिकाम्याच पडून होत्या, आणि कायदेभंगाच्या चळवळीत वरळीच्या चाळींत सत्याग्रही कैद्यांना ठेवण्यात आले. घर म्हणून बांधलेली खोली तुरुंग म्हणूनही चालून गेली, ह्यावरून बांधणाऱ्याच्या मनात घराची कल्पना केवढी होती, हे उघड होते.

तेव्हा मालकाने वा सरकारने दिल्या त्या चार भिंती. घर केले ते बिऱ्हाडकरूने. आरंभी गिरणगावातल्या पुष्कळ गाळ्यांत एकटे पुरुष राहत. पाळीप्रमाणे एक उठला की दुसरा त्या जागी आडवा व्हायचा. त्यांना ट्रंकेपुरती जागा, चार खुंट्या आणि कपड्यांची दांडी एवढे पुरत असे. गावाकडून बायकामुले आली आणि खोलीच्या गरजा बदलल्या. सुनेला आडोसा हवा म्हणून पडदी आली. मुलांना निजायला जागा हवी म्हणून पोटमाळा आला. भांडी नजरेसमोर हवीत म्हणून मांडणी, आणि लोणच्याच्या बरण्या उंच हव्यात म्हणून फळी आली. नारायण मेघाजी लोखंडे ह्यांच्या खटपटीने १८९० साली गिरणीकामगारांना रविवारची सुटी मिळाली होती. त्या रविवारी कोणी कीर्तनाला गेले, कोणी आखाड्यात गेले. पण हातोडी आणि करवत घेऊन आपल्याच खोलीत राबणारेही कमी नव्हते. देवदारी खोकी फोडून त्यांच्या फळ्या काढायच्या, रे रोडच्या वखारीतून दोन वासे आणायचे, शेजारच्या फिटरला हाताशी धरायचे आणि संध्याकाळच्या आत काम उरकायचे, अशी ती रीत होती.

साधनेही काळाप्रमाणे पालटली. गणपती किंवा दिवाळी तोंडावर आली की भिंतींना नीळ घातलेल्या चुन्याचा हात बसे. १९४२ साली मुंबईत चार मित्रांनी एका गॅरेजात रंगाचा कारखाना काढला. तीच आजची एशियन पेंट्स. १९५४ साली आर. के. लक्ष्मण ह्यांनी रेखाटलेला तिचा रंगाची बादली घेतलेला पोरगा, 'गट्टू', घरोघर ओळखीचा झाला. सुताराचा सरस आगीवर शिजवावा लागे आणि त्याच्या वासाने साऱ्या मजल्याचे नाक धरले जाई; १९५९ साली फेव्हिकॉल आले आणि ती यातायात संपली. १९५५ साली मुंबईत सिलिंडरचा गॅस मिळू लागला. चुलीपुढे वा शेगडीपुढे बसून स्वयंपाक करणारी बाई हळूहळू उभी राहिली आणि तिच्यासाठी कडाप्प्याचा उभा ओटा भिंतीशी आला. मुंबईच्या स्त्रीच्या जीवनात घडलेला हा पालट मोठाच म्हटला पाहिजे. मात्र त्याची तारीख कोणत्याही इतिहासात नोंदलेली नाही, कारण तो खोलीखोलीत निरनिराळ्या रविवारी घडला.

आता ह्या कथेत कायदा येतो. पहिल्या महायुद्धात महागाई झाली तेव्हा, १९१८ साली, मुंबईत भाडे नियंत्रणाचा पहिला कायदा आला. पुढे १९४७ च्या कायद्याने भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर बांधून टाकली. फाळणीच्या आणि टंचाईच्या त्या दिवसांत हा कायदा नसता तर हजारो कुटुंबे रस्त्यावर आली असती, ह्याबद्दल शंका नाही. परंतु तात्पुरती म्हणून घातलेली गाठ पन्नास वर्षे सुटली नाही. महागाई वाढत गेली, भाडे जागच्या जागी राहिले, आणि इमारतीकडे पाहण्याचे मालकाला कारण उरले नाही.

कायद्याने दुरुस्तीची जबाबदारी मालकावरच ठेवली होती. त्याने ती टाळली, तर भाडेकरूने नोटीस देऊन दुरुस्ती स्वतः करावी आणि खर्च भाड्यातून वळता करावा, अशीही सोय होती. १९४७ च्या जागी आलेल्या १९९९ च्या कायद्यातही ती आहे. मात्र अशी वजावट वर्षाच्या भाड्याच्या चतुर्थांशाहून अधिक करता येत नाही. एखाद्या खोलीचे भाडे महिना दहा रुपये धरा. वर्षाचे झाले १२० आणि त्याचा चतुर्थांश ३० रुपये. तीस रुपयांत गळके छप्पर तर राहोच, जिन्याची एक पायरीही बदलून होत नाही. हक्क मिळाला, परंतु हत्याराविना मिळाला.

दुसरीकडे त्याच कायद्यात असे कलम होते की, मालकाच्या लेखी संमतीवाचून भाडेकरूने कायम स्वरूपाचे बांधकाम केले तर त्याला जागेबाहेर काढता येईल. झाले! पोटमाळा कायम की तात्पुरता, मोरीचा कठडा बांधकाम की सोय, ह्या प्रश्नांवर मुंबईच्या न्यायालयांत वर्षानुवर्षे कीस काढला गेला. हलविता येतो तो माळा तात्पुरता, भिंतीत रुतला तो कायम, अशा धर्तीचे युक्तिवाद झाले. शेवटी कायद्यालाच खुलासा करावा लागला. १९९९ च्या कायद्यात स्पष्ट म्हटले आहे की, जरूर तेथे महापालिकेची परवानगी घेऊन केलेली लाकडी पडदी, स्वयंपाकघरातला उभा ओटा, दार, जाळी, हवेसाठी उघडलेली खिडकी, धुराडे इत्यादी कामे कायम बांधकाम समजली जाणार नाहीत. गृहिणीचा ओटा विधिमंडळाच्या भाषेत जाऊन बसला, तो असा.

ह्या सर्वांचा परिणाम काय झाला, ते नीट ध्यानात घेण्यासारखे आहे. उंबऱ्याच्या आत भाडेकरू पैसा ओतीत होता, कारण खोली सोडताना पागडीच्या रूपाने तो परत येणार होता; १९९९ च्या कायद्याने तर पागडीला उघड मान्यताही दिली. उंबऱ्याच्या बाहेर मात्र कोणाचाच पैसा पडत नव्हता. आत नवी लादी, गुळगुळीत रंग आणि काचेचे कपाट. बाहेर वाळवीने पोखरलेला खांब आणि टेकू दिलेला सज्जा. गिरगावच्या कितीतरी गल्ल्यांनी हे दृश्य पाहिले आहे.

आतल्या सुधारणेनेच बाहेरचे घर खचते, ही ह्यातली खरी मेख होय. लाकडी सांगाड्याच्या इमारतीत भार वाहतात ते खांब आणि तुळया. मधली विटांची भिंत नुसती भर असते. तुळईचे जे टोक भिंतीत रुतलेले असते त्याला वारा लागत नाही, आणि मोरीचे पाणी लाद्यांच्या सांध्यांतून नेमके तेथे झिरपते. लाकूड वरून धड दिसते, आत भुगा झालेला असतो. त्यावर आपण जड लादी घालतो, आणि पाणी ठराविक वेळीच येते म्हणून मोरीवर दोनशे लिटरचे पिंप चढवितो. दोनशे लिटर म्हणजे दोनशे किलो. तीन धट्टीकट्टी माणसे रात्रंदिवस एकाच तुळईवर उभी केल्यासारखे ते ओझे आहे. एका खोलीने हे केले तर इमारत निभावून नेते. चाळीस खोल्यांनी केले तर चाळीस बिऱ्हाडे धोक्यात येतात, आणि दोषी कोण ते कोणालाच दाखविता येत नाही.

२७ सप्टेंबर २०१३ रोजी माझगावात बाबू गेनू मंडईची इमारत कोसळली आणि ६१ माणसे मेली. ती चाळ नव्हती. महापालिकेच्याच मालकीची, तिच्याच नोकरांची वसाहत होती. तळमजल्यावरील भाड्याच्या जागेत केलेल्या फेरबदलांवर त्या तपासात बोट ठेवले गेले. आपली सोय करून घेताना वरच्या मजल्यावर कोण निजले आहे, ह्याचा विचार करायचा असतो, हे त्या पहाटेने शिकविले.

सरकार स्वस्थ बसले होते, असे म्हणता येणार नाही. १९६९ साली जुन्या इमारतींच्या दुरुस्तीचा कायदा झाला, उपकर बसविला गेला आणि दुरुस्ती मंडळ आले. त्या वेळी शहरात उपकराच्या कक्षेतल्या इमारती १९,६४२ भरल्या. त्यांपैकी १६,५०२ इमारती १ सप्टेंबर १९४० पूर्वीच्या होत्या. ज्या दिवशी भाडी गोठली, त्याच दिवसाने इमारतींचे वय मोजले गेले, हा योगायोग बोलका आहे. मंडळाने टेकू दिले, लोखंडी तुळया बसविल्या, असंख्य छपरे सावरली. परंतु एवढ्या पसाऱ्याला एक मंडळ कोठवर पुरे पडणार?

१९८६ साली शासनाने आणखी एक पाऊल टाकले. उपकरप्राप्त इमारतीतल्या शंभरातल्या सत्तर भाडेकरूंनी सहकारी संस्था करून मागणी केली, तर इमारत संपादून त्यांच्या स्वाधीन करावी आणि मालकाला महिन्याच्या भाड्याच्या शंभरपट रक्कम द्यावी, अशी ती तरतूद. मालक न्यायालयात गेले. त्यांनाही बाजू होती: गोठलेल्या भाड्याची शंभरपट म्हणजे जमिनीच्या मोलापुढे कवडी. हा वाद चढत चढत सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींपुढे गेला आणि ५ नोव्हेंबर २०२४ रोजी बहुमताने निर्णय झाला की, खाजगी मालकीची प्रत्येक वस्तू ही समाजाची भौतिक साधनसंपत्ती ठरत नाही. मुंबईच्या गळक्या छपरातून टपकलेला थेंब राज्यघटनेच्या ३९ व्या कलमापर्यंत जाऊन पोचला. परंतु छपरावर कौल कोणी घालायचे, हा प्रश्न त्याने सुटला नाही.

आता काळ पुन्हा पालटत आहे. २०२५ च्या ऑगस्टमध्ये वरळीच्या बी.डी.डी. चाळींच्या जागी उभ्या राहिलेल्या मनोऱ्यांत ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. एकशेसाठ फुटांत तीन पिढ्या बसविणाऱ्या हातांना हा मोकळेपणा मिळाला, ह्याचा आनंद कोणाला होणार नाही? परंतु मनोऱ्यालाही जिना आहे, पाण्याची टाकी आहे, गच्ची आहे आणि पाळणाही आहे. तेथे मालक दुसरा कोणी नाही; आपणच आहोत. चाळीत 'मालक करीत नाही' असे म्हणण्याची तरी सोय होती.

म्हणून ह्या इतिहासातून घ्यायचे ते एवढेच. आपल्या हाताने आपले घर सुधारण्याची मुंबईकराची विद्या फार मोलाची आहे. तिच्या जोरावर खोलीचे घर झाले. ती विद्या उंबऱ्याशी थांबली, हे आपले दुर्दैव. नवी लादी बसविण्याआधी खालच्या बिऱ्हाडाच्या छताकडे एकदा पाहून यावे. भिंत फोडण्याआधी ती कशाचा भार वाहते, हे जाणत्याला विचारावे. आणि ओट्यासाठी रुपया काढताना चार आणे गच्चीसाठी बाजूला ठेवावेत. एवढे केले, तर आपल्या नातवंडांना टेकू लावलेल्या जिन्याने उतरावे लागणार नाही.