जकात, महोगनी आणि फर्निचरची किंमत : भेदमूलक जकातीच्या इतिहासातील दोन प्रसंग

१. प्रश्नाचे स्वरूप

आयात मालावर जकात बसली की त्या मालाची किंमत जकातीइतकी वाढते आणि ती वाढ अखेर ग्राहकाच्या खिशातून भरून निघते, असा सर्वसाधारण समज आहे. जकात उठली की किंमत तेवढीच उतरते, हा त्याच समजाचा दुसरा भाग होय. जगातील सर्व देशांच्या मालावर जकात एकाच दराने बसत असती, तर हा हिशेब पुष्कळ अंशी बरोबर ठरला असता. परंतु इतिहासात बहुतेक महत्त्वाच्या जकाती तशा नव्हत्या. माल कोठून येतो हे पाहून त्या आकारल्या जात : स्वतःच्या वसाहतीतून येणाऱ्या मालाला एक दर, परक्या देशातून येणाऱ्या मालाला दुसरा. अशा भेदमूलक जकातीचा परिणाम किंमतीवर होण्याआधी मालाच्या उगमस्थानावर होतो. ग्राहकाला दुकानात कमी-अधिक दराने तोच माल मिळण्याऐवजी दुसऱ्याच ठिकाणचा, कित्येकदा दुसऱ्याच जातीचा, माल मिळू लागतो.

लाकडी फर्निचरचा व्यापार या दृष्टीने अभ्यासास फार उपयुक्त आहे. लाकूड अवजड असल्याने त्याच्या किंमतीत वाहतूक व जकात यांचा वाटा मोठा असतो. शिवाय एका लाकडाऐवजी दुसरे वापरता येते. प्रस्तुत लेखात अठराव्या शतकातील इंग्लंड आणि एकविसाव्या शतकातील अमेरिकेची संयुक्त संस्थाने येथील दोन प्रसंगांची तुलना केली आहे. पहिल्यात जकात उठली, दुसऱ्यात बसली. तरीही दोहोंतील प्रक्रिया एकच आहे. भेद आहे तो दुकानदाराच्या स्थानात.

२. १७२१ चा कायदा आणि महोगनीचे आगमन

सतराव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडातील उंची फर्निचर मुख्यतः अक्रोडाच्या लाकडाचे होत असे. अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत त्याची जागा महोगनीने घेतली. वेस्ट इंडीज बेटांत वाढणारे हे लाकूड लालसर तपकिरी रंगाचे, आपल्याकडील शिसवाप्रमाणे टिकाऊ आणि कोरीव कामास योग्य असते. त्याच्या फळ्या अतिशय रुंद निघतात. या स्थित्यंतराचे कारण जुने लेखक दोन घटनांत शोधीत : १७०९ च्या कडाक्याच्या हिवाळ्यात युरोपातील अक्रोडाची झाडे मेली, आणि १७२० मध्ये फ्रान्सने अक्रोडाच्या निर्यातीस बंदी केली. या उपपत्तीनुसार महोगनी आली ती अक्रोडाच्या टंचाईमुळे.

अ‍ॅडम बॉवेट यांनी जकातीच्या नोंदींच्या आधारे या उपपत्तीचा फेरविचार केला आणि १७२१ च्या एका कायद्याकडे लक्ष वेधले. हा कायदा फर्निचरसाठी केलेला नव्हता. डांबर, डोलकाठ्या, दोरखंडांचा वाख इत्यादी नौदलाच्या गरजेच्या वस्तूंबाबत इंग्लंड स्वीडन व रशिया यांवर अवलंबून होते. उत्तरेकडील युद्धांत हे परावलंबन किती धोक्याचे आहे ते दिसून आले होते. यास्तव अमेरिकेतील ब्रिटिश वसाहतींतून अशा वस्तू याव्यात म्हणून पार्लमेंटने तेथून येणाऱ्या सर्व प्रकारच्या लाकडावरील आयात जकात काढून टाकली. 'सर्व प्रकारच्या' या शब्दांत जमेकाची महोगनीही आली आणि व्हर्जिनियाचे अक्रोडही आले. डोलकाठ्यांसाठी उघडलेल्या दारातून मेजा आणि खुर्च्या आत शिरल्या, असे म्हणावयास हरकत नाही.

परिणाम आकड्यांत स्पष्ट दिसतो. स्कॉटलंड वगळता इंग्लंडात १७४० च्या सुमारास वर्षाला ५२५ टन महोगनी येत होती. १७५० मध्ये ही आयात ३,६८८ टनांवर गेली, म्हणजे दहा वर्षांत सुमारे सातपट झाली. १७८८ या अठराव्या शतकातील सर्वाधिक आयातीच्या वर्षी ती ३०,००० टनांहून अधिक होती. येथे वजनाचेच आकडे घेणे इष्ट आहे. १६९६ साली निर्माण झालेल्या आयात-निर्यात महानिरीक्षकाच्या कार्यालयातील वह्यांत मालाच्या किंमतीही नोंदलेल्या आहेत. परंतु त्या ठराविक सरकारी दराने मांडलेल्या असून बाजारभावाबरोबर बदलत नसत. त्यांवरून व्यापाराचे आकारमान कळते, ग्राहकाने काय दिले ते कळत नाही. किंमतींचा इतिहास लिहू पाहणाऱ्याने हा फरक नेहमी ध्यानात ठेवला पाहिजे.

३. दुकानातील किंमत कशाची बनते

जकात उठल्याचा लाभ ग्राहकापर्यंत किती पोहोचला, हे ठरविण्यासाठी फर्निचरच्या किंमतीची घडण पाहावी लागते. तीत मुख्यतः तीन अंग होते : लाकूड, मजुरी आणि उधारी.

लाकडाच्या किंमतीवरील परिणाम उघड आहे. मजुरीवरील परिणाम मात्र सहसा लक्षात घेतला जात नाही. चांगले अक्रोड महाग आणि अरुंद असल्याने त्याचे पातळ पापुद्रे काढून ते स्वस्त लाकडाच्या सांगाड्यावर चिकटवीत. हे काम कौशल्याचे व वेळखाऊ होते. महोगनीच्या एकाच रुंद फळीतून मेजाचा पृष्ठभाग निघे आणि भरीव लाकडातच कोरीव काम करता येई. म्हणजे जकातीने केवळ लाकूड स्वस्त झाले नाही. काम करण्याची रीतही बदलली, आणि तिच्यामुळे वस्तूच्या आकारांत व सजावटीतही बदल झाला. थॉमस चिपेंडेल याने १७५४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या नमुन्यांच्या संग्रहातील बारीक कोरीव पाठींच्या खुर्च्या या लाकडाच्या मजबुतीवाचून टिकल्या नसत्या.

तिसरे अंग उधारीचे. उमराव गिऱ्हाइके पैसे चुकते करण्यास वर्षानुवर्षे लावीत. स्वतः चिपेंडेल थकलेल्या येण्यामुळे वारंवार अडचणीत येई. जकात मात्र माल धक्क्यावर उतरताना द्यावी लागे. ती उधार ठेवता येत नसे. लाकूड वाळवून, वस्तू घडवून, विकून पैसे हाती येईपर्यंत जकातीत गुंतलेले भांडवल अडकून पडे. तेव्हा जकात उठणे म्हणजे किंमतीतील एक रक्कम कमी होणे एवढेच नव्हे, तर लहान भांडवलाच्या दुकानदारालाही या व्यवसायात शिरता येणे होय. सुमारे १७३० मध्ये लँकेस्टर येथे रॉबर्ट गिलो याने सुरू केलेली पेढी या संदर्भात उल्लेखनीय आहे. ही पेढी वेस्ट इंडीजमधून महोगनी आणी, तयार फर्निचर तिकडे पाठवी आणि परतीच्या जहाजांतून साखर व रमही आणी. १७६९ मध्ये तिने लंडनच्या ऑक्सफर्ड स्ट्रीटवर दुकान थाटले. बंदराशी थेट संबंध असलेला प्रांतिक कारागीर राजधानीच्या ग्राहकापर्यंत पोहोचला, तो अशा मार्गाने.

याच काळात परदेशी तयार फर्निचरवरील जकात कायम होती, ही गोष्ट निर्णायक आहे. कच्चे लाकूड मुक्त आणि पक्का माल जकातीखाली, अशी दुहेरी व्यवस्था लंडनच्या कारागिरांना लाभली. हे कारागीर स्वतःच दुकानदारही होते. पुढे दुकान, मागे कारखाना व लाकडाची वखार अशी त्यांची रचना असे. त्यामुळे जकातीच्या दोन्ही बाजू त्यांच्याच हिताच्या होत्या. तरीही मोह सुटत नसे. १७६९ मध्ये चिपेंडेलने फ्रान्सहून अर्धवट तयार खुर्च्यांचे साठ सांगाडे आणविले, तेव्हा प्रत्यक्षाहून कमी किंमत दाखविल्यावरून जकात अधिकाऱ्यांनी ते ताब्यात घेतले. पुढे काही वर्षांतच, परकीय वकिलांच्या सामानातून बिनजकातीचे फर्निचर आत येते अशी तक्रार लंडनच्या कारागिरांनी केली. ज्या जकातीने त्यांचे संरक्षण होई, तीच चुकविण्यात त्यांच्यापैकी काहींचा फायदा होता.

४. किंमत कोणी दिली

महोगनी स्वस्त झाली असे म्हणताना ती कोणासाठी, हे विचारणे आवश्यक आहे. गरिबाच्या घरी ओकचे किंवा त्याहून हलक्या लाकडाचेच सामान राहिले. लाभ झाला तो प्रामुख्याने वाढत्या मध्यमवर्गाला. जंगलात झाडे तोडणे, ओंडके तासणे आणि ते बैलांकरवी नदीपर्यंत ओढून नेणे हे काम आफ्रिकेतून आणलेले गुलाम करीत. जेनिफर अँडरसन यांच्या २०१२ मधील ग्रंथात या श्रमांचा व त्यांतील हालांचा विस्ताराने विचार झाला आहे. लंडनच्या दुकानातील किंमतीत या श्रमाची मजुरी नव्हतीच. जकातीच्या वहीतही तिला रकाना नव्हता.

जमेकातील सहज हाती येणारी झाडे काही दशकांतच संपत आली. तेव्हा क्यूबा व हिस्पॅनिओला येथील परकी महोगनी जमेकामार्गे, जमेकाचीच म्हणून, इंग्लंडात जाऊ लागली. कारण सवलत उगमस्थानाला होती आणि उगमस्थान कागदावर बदलता येत असे. १७६६ च्या मुक्त बंदरांच्या कायद्याने जमेकाची काही बंदरे परकी जहाजांना खुली झाल्यावर या व्यापाराला वाट अधिकच मोकळी झाली. पुढे तोड होंडुरासच्या उपसागराकडे सरकली. तेथे इंग्रजांना लाकूड तोडण्याचा हक्क १७६३ च्या तहाने मिळाला आणि १७८६ च्या करारात महोगनीचा स्पष्ट समावेश झाला. जकातीने एका बेटाला दिलेली सवलत अशा रीतीने सबंध कॅरिबियन किनाऱ्यावर पसरली.

५. अमेरिकेतील प्रसंग : २००३ ते २०२५

दुसऱ्या प्रसंगात दिशा उलट आहे. १९९५ नंतर जागतिक व्यापार संघटनेच्या करारान्वये अमेरिकेने बहुतेक फर्निचरवरील नेहमीची जकात टप्प्याटप्प्याने शून्यावर आणली. चीनमधून शयनगृहाचे लाकडी सामान मोठ्या प्रमाणावर येऊ लागले आणि व्हर्जिनिया व नॉर्थ कॅरोलायना येथील कारखाने बंद पडू लागले. ऑक्टोबर २००३ मध्ये काही अमेरिकी कारखानदारांनी, गॅलॅक्स गावच्या व्हॉन-बॅसेट कंपनीचे जॉन बॅसेट यांच्या पुढाकाराने, चिनी माल रास्त मूल्यापेक्षा कमी दराने विकला जातो असा अर्ज सरकारकडे केला. जानेवारी २००५ मध्ये डंपिंगविरोधी जकात लागू झाली. काही चिनी कारखान्यांना ती एक टक्क्याहून कमी, चौकशीत सहकार्य करणाऱ्या बहुसंख्यांना सुमारे सात टक्के आणि उरलेल्यांना १९८ टक्के होती.

या अर्जाला सर्वांत तीव्र विरोध केला तो किरकोळ विक्रेत्यांनी. चिपेंडेलच्या काळी दुकानदार हाच कारागीर होता. आता दुकानदार हा आयातदार होता. एका धंद्यातील दोन भूमिका विलग झाल्या की जकातीबाबतचे हितसंबंधही विलग होतात, याचे हे स्पष्ट उदाहरण होय. विक्रेत्यांची आणखी एक अडचण होती. अमेरिकी पद्धतीत आयातीच्या वेळी भरलेली रक्कम ही केवळ अनामत असते. अंतिम दर पुढील वार्षिक फेरतपासणीनंतर ठरतो. म्हणजे पलंग विकून झाल्यावर पुष्कळ काळाने त्याचा खरा खर्च समजणार. अशा अनिश्चिततेत विक्रेत्याने किंमत वाढविण्यापेक्षा पुरवठादार बदलणे पसंत केले. व्हिएतनाममधून होणारी आयात अल्पावधीत अनेक पटींनी वाढली. कित्येक कारखानदारांनी आपले उत्पादनच तिकडे हलविले. महोगनी जशी जमेकाहून होंडुरासकडे, तसे शयनगृहाचे सामान चीनहून व्हिएतनामकडे सरकले. ग्राहकाला किंमतीतील फरक जाणवला त्यापेक्षा मालावरील देशाचे नाव अधिक बदललेले दिसले.

जकातीचा पैसा कोठे गेला हेही पाहण्यासारखे आहे. २००० च्या एका कायद्यान्वये अशा जकातीचे उत्पन्न अर्जदार कंपन्यांनाच वाटले जाई. जागतिक व्यापार संघटनेने २००३ मध्ये त्याविरुद्ध निर्णय दिला. २००६ मध्ये कायदा रद्द झाला आणि १ ऑक्टोबर २००७ नंतर आलेल्या मालावरील जकातीला ही वाटणी लागू राहिली नाही. त्याशिवाय, फेरतपासणीच्या यादीतून आपले नाव वगळले जावे म्हणून काही चिनी निर्यातदार अर्जदार कंपन्यांना रकमा देत. बॅसेट यांच्यासारख्या काहींनी मिळालेला पैसा यंत्रसामग्रीत घालून कारखाना चालू ठेवला. परंतु एकूण उद्योगातील नोकऱ्या परत आल्या नाहीत.

ही प्रक्रिया तेथेच थांबली नाही. सप्टेंबर २०१८ मध्ये चिनी फर्निचरवर १० टक्के आणि मे २०१९ मध्ये २५ टक्के अतिरिक्त जकात बसली. १४ ऑक्टोबर २०२५ पासून गादीकाम केलेले लाकडी फर्निचर व स्वयंपाकघरातील कपाटे यांवर २५ टक्के जकात लागू झाली. या वेळी ती एका देशापुरती नव्हती. तरीही ब्रिटनला १० टक्के, युरोपीय संघ व जपान यांना १५ टक्के अशी मर्यादा ठेवण्यात आली. म्हणजे भेद याही वेळी राहिलाच.

६. निष्कर्ष

दोन्ही प्रसंगांवरून तीन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली : भेदमूलक जकात किंमतीपूर्वी मालाचा मार्ग बदलते, म्हणून तिचा परिणाम केवळ किंमतींच्या तक्त्यांत शोधणे अपुरे आहे. दुसरी : दुकानदार जकातीचा समर्थक होईल की विरोधक, हे त्याच्या तत्त्वांपेक्षा तो स्वतः माल घडवितो की बाहेरून आणवितो यावर अवलंबून असते. तिसरी : ग्राहकाचा लाभ वा तोटा हा हिशेबाचा एकच भाग आहे. जमेकाच्या जंगलातील गुलाम आणि गॅलॅक्सच्या परिसरातील बेकार कामगार यांची स्थिती सारखी मुळीच नव्हती. पहिल्याला माणूस म्हणूनही मोजले जात नव्हते. तथापि दोघांचेही नाव दुकानातील किंमतीच्या चिठ्ठीवर नव्हते. जकातीचा इतिहास ग्राहक आणि विक्रेता या दोघांपुरता लिहिला तर तो सुटसुटीत होतो, पण खरा होत नाही. माल जेथून निघतो त्या टोकापासून तो लिहिण्याचे काम अद्याप पुष्कळ शिल्लक आहे.